सायलेन्सर बदलला की पिकअपचा 'पिकअप' खरंच वाढतो का?

पुण्यात आणि नागपुरात पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोड रोलर फिरवला, ते व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील. नाशिकमध्येही मॉडिफाइड सायलेन्सरविरुद्ध अधूनमधून मोहीम निघते. या बातम्यांमध्ये बहुतेक वेळा बुलेट असते. पण रील्स थोड्या खाली सरकवल्या की दुसरंच जग दिसतं. बोलेरो पिकअप, इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स, मागून निघालेला जाड चकचकीत पाईप, आणि खाली कमेंट: "भाऊ, आवाज कडक! पिकअप किती वाढला?"

या लेखाचा विषय हाच प्रश्न आहे. नाशिक जिल्ह्यात पिकअप ही हौसेची गाडी कमी आणि पोटापाण्याची जास्त. पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, निफाड-दिंडोरीची द्राक्षं याच गाड्यांवर जातात. अशी गाडी गॅरेजमध्ये चार दिवस उभी राहिली तर चार दिवसांचं भाडं बुडतं. त्यामुळे पाईप बदलण्याआधी त्यातून नक्की काय मिळतं आणि काय जातं, हे समजून घेतलेलं बरं.

सायलेन्सर नेमकं करतो काय?

इंजिनच्या सिलिंडरमध्ये इंधन जळलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि दाबाखालचा गरम वायू झटक्यात बाहेर पडतो. प्रत्येक झटका म्हणजे दाबाची एक लाट, आणि ती लाट आपल्याला आवाज म्हणून ऐकू येते. सायलेन्सर या लाटा दोन प्रकारे मारतो.

पहिला प्रकार कप्प्यांचा. पाईपमधून आलेला वायू मोठ्या कप्प्यात शिरतो, लाट भिंतींवर आपटून उलटी फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेला भिडून दोघी एकमेकींना खातात. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये असे दोन-तीन कप्पे असतात. दुसरा प्रकार शोषणाचा. मधून सरळ जाणारा भोकंभोकं असलेला पाईप आणि त्याभोवती ठासलेली काचलोकर. बाजारात 'फ्री फ्लो' म्हणून मिळतो तो बहुतेक या दुसऱ्या प्रकारातला. आणि 'स्ट्रेट पाईप' म्हणजे आत काहीच नाही, नुसती नळी.

कप्प्यांच्या सायलेन्सरमध्ये वायूला वळणं घेत जावं लागतं. त्यामुळे मागे थोडा दाब तयार होतो, त्याला बॅक प्रेशर म्हणतात. हा दाब ढकलायला इंजिनची थोडी ताकद खर्च होते. "सायलेन्सर मोकळा केला की गाडी पळते" हे गॅरेजमधलं वाक्य इथून आलंय. वाक्य खोटं नाही. प्रश्न आहे, किती पळते?

चला, हिशोब करू

बोलेरो पिकअपचं उदाहरण घेऊ. अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, ताकद मॉडेलनुसार ७० ते ८० अश्वशक्ती. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं आणि सोडतं. म्हणजे ३,२०० आरपीएमला पिस्टन सेकंदाला साधारण ६७ लिटर इतकी जागा ढकलून रिकामी करतात.

आता समजा, नव्या पाईपमुळे पिस्टनवरचा दाब १० किलोपास्कलने कमी झाला. हा आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाचा दहावा भाग झाला, म्हणजे आपण पाईपला झुकतं मापच देतोय. ६७ लिटर गुणिले १० किलोपास्कल म्हणजे सुमारे ६७० वॉट वाचले. अश्वशक्तीत सांगायचं तर ०.९. टर्बोला मागे मोकळीक मिळाल्यामुळे त्यात थोडी भर पडेल, पण आकडा एक-दोन अश्वशक्तीच्या आसपासच राहणार. दीड टन माल भरलेल्या गाडीला कसारा घाटात एवढा फरक कळणारही नाही. तोच फरक टायरमधली हवा बरोबर ठेवून किंवा चोंदलेला एअर फिल्टर बदलूनही मिळू शकतो.

डिझेल इंजिनची ताकद मुळात ठरते ती किती डिझेल फवारलं जातं त्यावर, आणि ते ठरवतो गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू. नाशिककरांना हे घरचंच आहे. सातपूरच्या बॉश कारखान्यात डिझेल इंजेक्टर बनतात. हजार बारच्या वरचा दाब झेलत हा इंजेक्टर मिलिसेकंदाच्या हिशोबात उघडतो आणि मिटतो. कधी उघडायचं आणि किती वेळ, हा हुकूम ईसीयूचा. मागचा पाईप बदलला म्हणून ईसीयू एक थेंबही डिझेल जास्त सोडत नाही. कंपनीने ठरवलेली टॉर्कची मर्यादा होती तिथेच राहते.

मग मित्राला गाडी पळाल्यासारखी का वाटते? कारण आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. खात्री करायची असेल तर सोपी चाचणी आहे. पाईप बदलण्याआधी आणि नंतर, त्याच मोकळ्या आणि सुरक्षित रस्त्यावर, तेवढाच माल भरून, त्याच गिअरमध्ये ४० वरून ६० किलोमीटर वेगाला जायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याला फोनच्या स्टॉपवॉचवर मोजायला सांगा. तीन-तीन वेळा मोजून सरासरी काढा. कानाला वाटलेला फरक घड्याळात सापडतो का ते कळेल.

खरी ताकद मिळते तिथेच खरी अडचण आहे

बाजारात 'एक्झॉस्ट अपग्रेड' या एकाच नावाखाली तीन वेगळी कामं विकली जातात.

पहिलं, फक्त शेवटचा डबा किंवा टोक बदलणं. दुसरं, डीपीएफच्या पुढचा सगळा पाईप बदलणं. या दोन्हींत मुख्यतः आवाज बदलतो.

तिसरं काम वेगळं. टर्बोला लागून असलेला डाउनपाईप बदलायचा, डीपीएफ काढून टाकायचा आणि ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलायचं, म्हणजे रिमॅप. यात गाडीची ताकद खरोखर वाढते, कारण रिमॅपमध्ये डिझेल आणि टर्बोचा दाब दोन्ही वाढवलेले असतात. श्रेय मात्र पाईपला मिळतं.

डीपीएफ म्हणजे डिझेलची काजळी अडवणारा फिल्टर. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं. बीएस-४ मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, ती बीएस-६ मध्ये ४.५ मिलिग्रॅमवर आली. एवढी मोठी घट झाली ती मुख्यतः या फिल्टरमुळे. फिल्टर काढला की गाडी नवीन आणि धूर जुना, अशी गत होते. आणि नाशिक हे केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातलं शहर आहे, म्हणजे इथली हवा आधीच ठरलेल्या मानकांत बसत नव्हती.

तरीही लोक फिल्टर का काढतात? सगळेच हौशी नसतात. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं. ते मिळतं हायवेवर, एकसारख्या वेगात. बाजार समितीच्या गेटबाहेर रांगेत इंजिन चालू ठेवून तासभर उभी राहणारी, गावातल्या गावात फिरणारी पिकअप तेवढी तापतच नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ओढत नाही, आणि कोणीतरी सांगतो, "काढून टाक ना भाऊ, कटकट गेली."

कटकट जात नाही, जागा बदलते. डीपीएफला दाबाचे आणि तापमानाचे सेन्सर जोडलेले असतात. नुसता फिल्टर काढला तर ईसीयूला चूक कळते आणि तो गाडीची ताकद बांधून टाकतो. ते टाळायला सॉफ्टवेअरमध्ये सेन्सरच गप्प करावे लागतात. एकदा हे केलं की वॉरंटीवर पाणी सोडायचं. पुढे अपघात झाला तर विमा कंपनीलाही "गाडीत न कळवलेला बदल होता" असा मुद्दा काढायला जागा मिळते.

त्यापेक्षा उपाय सोपे आहेत. रांगेत इंजिन बंद ठेवा. दिवा लागला तर गाडीच्या पुस्तकात दिलंय तसं हायवेवर काही वेळ एकसारख्या वेगाने चालवा. तरीही दिवा गेला नाही तर सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून फिल्टर जाळून साफ करून घ्या.

रीलमधला आवाज तुमच्या गाडीतून येणार नाही

आता हौसेकडे येऊ. गाडीला थोडा भारदस्त आवाज हवासा वाटणं यात गैर काही नाही. पण फोनवर ऐकून पाईप निवडणं म्हणजे फोटो बघून जेवण चाखण्यासारखं आहे.

चार सिलिंडरच्या इंजिनमध्ये एका फेरीत दोन स्फोट होतात. २,००० आरपीएमला मिनिटाला ४,००० स्फोट, म्हणजे सेकंदाला सुमारे ६७. आवाजाचा मूळ सूर हा ६७ हर्ट्झचा, छातीत घुमणारा. फोनचा स्पीकर नखाएवढा. दोनशे हर्ट्झच्या खालचा आवाज त्यातून जवळजवळ निघतच नाही. तुम्ही ऐकता ते वरचे सूर, आणि खालचा सूर मेंदू आपल्या मनाने भरून घेतो.

दुसरी गोष्ट, रेकॉर्डिंग करताना फोन आवाजाची पातळी आपोआप खालीवर करतो. मोठा आवाज दाबतो, बारीक आवाज उचलतो. त्यामुळे रीलमध्ये गुबगुबीत वाटणारा पाईप प्रत्यक्षात कान फाडणारा असू शकतो. शिवाय एडिटिंगमध्ये दुसराच आवाज चिकटवला नसेल याची खात्री कोण देणार?

तिसरी गोष्ट, पेट्रोल गाडीसारखे 'फटाके' डिझेलमध्ये साधारणपणे फुटत नाहीत. पेट्रोलमध्ये न जळलेलं इंधन गरम पाईपमध्ये पेटतं तेव्हा तो आवाज येतो. डिझेल गाडीत ॲक्सिलरेटर सोडला की इंधनच बंद होतं. त्यात टर्बोचं चाक मध्ये असल्यामुळे लाटांची धार आधीच बोथट झालेली असते. पाईप मोकळा केला की हाती येते ती टर्बोची शिट्टी, डिझेलचा खडखडाट आणि केबिनमध्ये घुमणारा एकसुरी गुं-गुं आवाज.

हा गुं-गुं आवाज पाच मिनिटांच्या रीलमध्ये मस्त वाटतो. रात्री माल घेऊन वाशीला जाणाऱ्या ड्रायव्हरला तो चार-पाच तास ऐकायचा असतो. कानांसाठी ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत, ही कामाच्या ठिकाणी वापरली जाणारी मर्यादा आहे. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन.

डेसिबल: छोटा आकडा, मोठा फरक

डेसिबलचा हिशोब साध्या बेरजेसारखा नसतो. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट झाली, आणि कानाला तो अंदाजे दुप्पट वाटतो. त्यामुळे "कंपनीपेक्षा दहाच डेसिबल जास्त" हे 'दहाच' नसतं.

नवीन मॉडेल बाजारात येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत त्याची चाचणी होते. गाडी ताशी ५० किलोमीटरने येते, ठरलेल्या रेषेवर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला जातो आणि ७.५ मीटरवरचा माइक आवाज मोजतो. चारचाकींसाठी मर्यादा प्रकारानुसार ७४ ते ८० डेसिबलच्या दरम्यान आहे.

फोनवरच्या साउंड मीटर ॲपने हे मोजता येईल का? अंदाजापुरतं. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठ्या आवाजाला तो कमी आकडा दाखवू शकतो. तुलना करायला मात्र तो चांगला. त्याच जागी, त्याच अंतरावर, त्याच आरपीएमला आधी आणि नंतर मोजा. अंतराचं भान ठेवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. पाईपपासून अर्ध्या मीटरवर १०० दिसले तर ७.५ मीटरवर ते ७६-७७ असतील. म्हणून ॲपवर १०० बघून घाबरू नका आणि कायद्यातल्या ८० शी त्याची थेट तुलनाही करू नका. मात्र दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या पंचवटीच्या गल्लीत आवाज एवढा विरत नाही, तो भिंतींवर आपटत राहतो. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत सरासरी पातळी ४५ डेसिबलच्या आत हवी. पहाटे मार्केटला निघालेल्या एका मोकळ्या पाईपने अख्खी आळी जागी होते, ती यामुळे.

"सायलेन्सर आरसीवर लिहिलेला नसतो, मग दंड कसला?"

हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर तीन ठिकाणी आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १२० सांगतो की प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच. नुसती नळी इथेच बाद होते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाज किंवा धुराचे निकष मोडणारी गाडी चालवणाऱ्यासाठी पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्सला अपात्र, अशी तरतूद आहे. हे कलम अशी गाडी 'चालवू देणाऱ्या'लाही लागू होतं. म्हणजे ड्रायव्हर ठेवून गाडी चालवणारा मालक सुटत नाही.

तिसरं, २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-अ (४). परवानगी नसलेला बदल, त्यात बाहेरचा पार्ट बसवणंही आलं, करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा दोन्ही. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या प्रकरणात सांगितलं की उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही.

पिकअप व्यावसायिक गाडी असेल तर अजून एक टप्पा असतो, फिटनेस. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी. म्हणजे आज बसवलेला पाईप कधीतरी काढून कंपनीचा परत लावावा लागणारच. जुना सायलेन्सर भंगारात दिला असेल तर तो खर्च वेगळा.

रोड रोलरने प्रश्न सुटतो का?

कारवाईची बाजू बरोबर आहे, पण ती अर्धी आहे.

पहिली त्रुटी मोजण्यातली. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा तपासतात, आवाज तपासत नाहीत. त्यामुळे वर्षानुवर्षं 'पीयूसी पास' असलेली गाडी आवाजाच्या परीक्षेला कधी बसलेलीच नसते. रस्त्यावर फैसला होतो तो बहुतेक कानाने आणि नजरेने. बुलेट पकडली जाते कारण ती ओळखू येते. डीपीएफ काढलेली पिकअप कदाचित फारशी आवाजही करत नसेल, पण शहराच्या फुप्फुसांना तिचा त्रास जास्त, आणि ती बिनबोभाट निघून जाते.

दुसरी त्रुटी ग्राहकाच्या बाजूची. युरोपात बदली सायलेन्सरसाठी संयुक्त राष्ट्रांचा ५९ क्रमांकाचा नियम आहे. चाचणी पास झालेल्या डब्यावर गोलातलं 'ई' आणि क्रमांक कोरलेला असतो. अमेरिकेच्या कॅलिफोर्नियात धुराशी संबंधित पार्टला सरकारी मंजुरीचा क्रमांक असतो. तिथे खुणा बघून निर्णय घेता येतो. आपल्याकडे दुकानात टांगलेल्या पाईपवर 'फक्त रेसिंगसाठी' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि तोच पाईप दुकानदार तिथल्या तिथे रस्त्यावरच्या गाडीला बसवून देतो. दंड मात्र गाडीवाल्याला.

खूण असलेले प्रमाणित पार्ट, चौकात डेसिबल मीटर आणि फिटनेसला स्कॅनर लावून डीपीएफची तपासणी, या तीन गोष्टी आल्या तर हौशी माणसाला सरळ रस्ता मिळेल आणि फिल्टर काढणाऱ्याला पळवाट उरणार नाही. सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकमध्ये गाड्यांची गर्दी कैकपट वाढणार आहे. सुरुवात करायला ही वेळ चांगली आहे.

तर मग काय करायचं?

गाडी ओढत नसेल तर पाईपवर पैसे घालण्याआधी एअर फिल्टर, टर्बोचे होज, इंजेक्टर, क्लच आणि टायर तपासून घ्या. ताकद गेली असेल तर ती बहुतेक वेळा यांच्यापैकी कुठेतरी गेलेली असते. सायलेन्सर गंजून फुटला असेल तर कंपनीचाच बसवा. तरीही आवाजाची हौस असेल तर दुकानदाराला दोन गोष्टी लेखी मागा: ७.५ मीटरवरचा चाचणीचा आकडा, आणि डीपीएफला व सेन्सरला हात लावला जाणार नाही याची हमी. दोन्ही मिळाल्या तरी वरची कलमं पुसली जात नाहीत, हे लक्षात ठेवा. आणि दोन्हींपैकी एकही मिळाली नाही तर पाकीट खिशातच राहू द्या. कंपनीचा सायलेन्सर चालू असताना मागच्या सीटवरचं माणूस निवांत झोपतं आणि घाटात ताकदही तेवढीच मिळते.